भाजीच्या टोपल्यातलं वाचनालय

गोजरबाई माळणीला अक्षरओळख नव्हती, तरी मोताळ्याच्या वाचनालयाची पहिली बाई सभासद तीच. गावात ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना जो तो आपल्या घरचा वाटा थोडा वाढवून सांगतो. घडलं ते असं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठी कामं नागपूरला जायची, बारकी मलकापूरच्या कचेरीत अडकायची. मोताळ्यात चावडीला लागून भगवानराव देशमुखांची एक दगडी खोली रिकामी पडली होती. एका दसऱ्याला त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ती वाचनालयाला दिली. खामगावहून बैलबंडीत घालून पुस्तकं आली, लाकडी कपाटं आली, दारावर पाटी लागली. भगवानराव अध्यक्ष झाले. पेन्शनीत निघालेले नारायणराव मास्तर ग्रंथपाल झाले. हारतुरे झाले, पेढे वाटले गेले, आणि मग सगळं थंड झालं. सकाळी पाच-सहा माणसं यायची, वर्तमानपत्रात कापसाचा भाव बघायची, त्यावर तासभर भांडायची आणि जायची. कपाटांना कुलपं होती आणि ती उघडायचं कोणाला कारणच पडत नव्हतं.

गोजरबाईचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की भाजी विकायला जाताना ती त्या पाटीखालून जायची. नळगंगेच्या काठाला तिचा आणि पुंजाजीचा मळा होता. पुंजाजी मोट हाकायचा. वांगी, मेथी, अंबाडीची भाजी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या काढणं, बांधणं आणि विकणं हे गोजरबाईकडे. बाजाराच्या दिवशी ती बाजारात बसायची, एरवी घरोघर फिरायची. देशमुखांच्या घरी गोषा होता. तिथल्या बाया उंबऱ्याबाहेर पडायच्या त्या पडदे सोडलेल्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून, आणि तेही माहेरी नाही तर लग्नाला. पण परसदारी गोजरबाईला मज्जाव नव्हता. ती थेट आतल्या ओसरीपर्यंत जायची, टोपलं उतरवायची, पाणी प्यायची आणि गावाच्या चार गोष्टी सांगायची.

एक दिवस भगवानरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई मेथी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "गोजरबाई, ते वाचनालय हाय ना आपलं, तिथं तू कधी गेली?"

"मी? अवं माय! मी कायले जाऊ तिथं? वांगे विकाले?"

"मले एक पुस्तक आणून देशील?"

गोजरबाई बघतच राहिली. रुक्मिणीबाईंचं माहेर उंद्रीचं. वडिलांनी घरी मास्तर ठेवून त्यांना शिकवलं होतं. लग्नात माहेरून चार पुस्तकं आली होती, ती वाचून वाचून त्यांची पानं सुटी झाली होती, हे गोजरबाईला माहीत होतं. "पण वहिनीबाई," ती म्हणाली, "वाचनालय त देशमुखसाहेबाईचंच हाय. त्याईले काऊन नाई सांगत?"

"सांगतलं होतं एकदा. हसले. म्हणे, घरात कामं कमी पडून राह्यले काय?"

गोजरबाईने टोपलं उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भावाची चर्चा करणारे घरी गेल्यावर, ती टोपलं घेऊन वाचनालयाच्या पायरीपाशी उभी राहिली. नारायणराव मास्तर एकटेच बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज भाजी नको गं."

"भाजी विकाले नाई आली मास्तर. पुस्तक पायजे एक."

"कोणाला?"

"ते नाई सांगता येत."

गोजरबाई कोणाकोणाच्या परसदारी जाते हे काही गुपित नव्हतं. पण मास्तरांनी नाव उच्चारलं नाही. "पुस्तक सभासदालाच देता येतं," ते म्हणाले. गोजरबाई वळली, तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. "अगं, जातेस कुठं? तूच हो की सभासद."

"मले वाचता येत नाई."

"वाचता आलं पाहिजे असं नियमात कुठं आहे? माणूस गावचं पाहिजे आणि पुस्तक परत आणणारं पाहिजे. तू गावची आहेस. परत आणशील?"

"मी कोणाचं सुपसुद्धा ठेवून नाई घेत," गोजरबाई म्हणाली.

"मग झालं तर. पुस्तक कसलं देऊ?"

यावर तिने खरंच विचार केला. "जाड द्या. लवकर सरू नये असं."

पुस्तक फडक्यात गुंडाळून टोपल्याच्या तळाशी ठेवलं आणि वर मेथी रचली. रोजच्यापेक्षा ओझं काही फार वाढलं नव्हतं. पण त्या दिवशी गोजरबाई चावडीवरून गेली ती अशी मान ताठ करून, की पुंजाजीने मळ्यातून येताना पाहिलं आणि घरी गेल्यावर विचारलं, "काय व, आज कोणाची पाटीलकी भेटली तुले?"

"वाचनालयाची," ती म्हणाली. तिने पुस्तकाचं सगळं सांगितलं, पण पुंजाजीला ते पटलं नाही. "आपण माळी माणसं, आपल्याले काय करायचं त्या भानगडीत? उद्या देशमुखानं दार बंद केलं त भाजी कोणाले विकशील?" खरं म्हणजे हीच भीती तिलाही होती. पण तिने ती त्याला दाखवली नाही.

पहिल्या पुस्तकाचा घोटाळाच झाला. परत आणताना मेथीचं पाणी गळून पुठ्ठा भिजला. ती मास्तरांपुढे पुस्तक ठेवून खाली मान घालून उभी राहिली. मास्तरांनी एकेक पान सुटं करून पुस्तक उन्हात उभं ठेवलं, आणि म्हणाले, "पावसापाण्यात, चिखलात फिरलं म्हणजे पुस्तक भिजणारच. कपाटात राहून वाळवी लागण्यापेक्षा बरं." दुसऱ्या दिवशी उजेडी तिने मेणकापडाची एक पिशवी शिवली, दुहेरी टाक्याची. पुंजाजीने ते बघितलं. पिशवीला बांधायची दोरी त्याने आपल्या हाताने वळून दिली.

देशमुखांच्या घरी आता दुपारचं वेगळंच चाललं होतं. भगवानरावांची मोठी बहीण कौशल्याबाई त्या घरात राहायच्या. लहान वयात कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून माहेरीच. आई लवकर गेली, म्हणून भगवानरावांना त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. पण विधवा होऊन आल्यापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. रुक्मिणीबाई वाचायच्या आणि कौशल्याबाई वाती वळता वळता ऐकायच्या. गोजरबाईही टोपलं टेकून बसायची. उठायला हवं हे कळायचं, पण गोष्टीतला माणूस समुद्रात बुडायला आलेला असायचा, मग कसं उठणार? एक दिवस कौशल्याबाई वाती बाजूला सारून म्हणाल्या, "रुक्मिणी, थे अक्षर कसं असते, दाखव बरं मले." त्या दिवसापासून रांगोळीच्या ताटलीत बोटाने अ-आ सुरू झालं.

मास्तर पुस्तक परत घेताना नेहमी विचारायचे, "काय म्हणाले वाचणारे?"

गोजरबाई हुबेहूब सांगायची. "म्हणतात, यातली बाई लय रडते. रडणारी नको." किंवा, "लढाई चांगली हाय म्हणे, पण जेवाखावाचं काहीच नाई." मास्तर हसायचे, पण खामगावला पुस्तकं मागवताना ते बोलणं ध्यानात ठेवायचे. हळूहळू पाटलांच्या घरून मागणी आली, मग कासारणीच्या सुनेकडून. कोणी आपल्यासाठी मागायची, कोणी सासूला ऐकवायला. मेणकापडाची पिशवी फुगत चालली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी गोजरबाईच होती. कापूस वेचायला गेली की ऐकलेली गोष्ट ओळीने वेचणाऱ्या बायांना सांगायची. अर्धीच सांगून झाली की म्हणायची, "आता पुढचं पुस्तकात हाय, आणि पुस्तक वहिनीबाईपाशी हाय." बाया चिडायच्या. "मंग लवकर वाचाले सांग ना व त्याईले!"

एकदा मास्तरांनी बाळंतपणाची काळजी सांगणारं एक पातळ पुस्तक तिच्या पिशवीत घातलं. रुक्मिणीबाईंनी ते वाचलं, आणि गोजरबाईने ते तानुबाई सुईणीच्या कानावर घातलं. तानुबाई फणकारली. "माह्या हातानं अर्धं गाव जन्मलं. मले पुस्तक शिकवते काय?" पण दोन दिवसांनी ती आपणहून परसदारी आली आणि रुक्मिणीबाईंना ते पान दोनदा वाचायला लावलं. दोन गोष्टी तिला मुळीच पटल्या नाहीत, तसं तिने तोंडावर सांगितलं. एक मात्र पटली. नाळ कापायचा विळा त्या दिवसापासून ती उकळत्या पाण्यात बुडवून मगच हातात घेऊ लागली.

इतकं सगळं चाललं होतं, आणि भगवानरावांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते दिवसभर शेतावर नाही तर मलकापुरात. वाचनालयात यायचे ते सकाळी, आणि त्यांना दिसायचं ते भावाचं भांडण. त्या वर्षी कापूस भरघोस आला. जिनाच्या कारखान्यातून सरकी आणून ठेवायला जागा पुरेना, तेव्हा त्यांना चावडीजवळची ती कोरडी दगडी खोली आठवली. वाचनालय बंद करायला त्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी सभा ठेवली. दवंडी फिरली.

गोजरबाई वाचनालयात गेली तेव्हा मास्तर कपाटाची दारं पुसत होते. "खोली त्यांची, ते अध्यक्ष," ते म्हणाले. "मी काय बोलणार? वाचणारे कोण आहेत विचारलं तर मी तुझं नाव सांगू शकतो. त्यांच्या घरचं नाही सांगू शकत."

तिथून ती तशीच देशमुखांच्या परसदारी गेली. तिने सगळं सांगितलं. रुक्मिणीबाईंच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं. "मी काय करू गोजरबाई? सभेत काय आम्ही येऊन बसणार हावो?" कौशल्याबाईंनी ते उघडं पुस्तक आपल्याकडे ओढलं. गोजरबाई टोपलं उचलून परतली. तिला त्यांचा राग आला नाही. पण परतताना तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. ती सभेला जाणार होती.

पुंजाजीला तिने घरी सांगितलं. त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "मीही येतो."

सभेला वाचनालयापुढच्या कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. बाजार जवळच भरलेला, म्हणून माणसं बरीच जमली. भगवानराव उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, बोलायचा रोखठोक. "मंडळी," ते म्हणाले, "मी हौसेनं वाचनालय काढलं. पण आपल्या गावाले वाचाची गोडी नाई, हे मान्य करा लागते. वर्तमानपत्र चावडीवरही वाचता येते. पुस्तकं कपाटात धूळ खाऊन राह्यली. पाहा तुमीच." आणि त्यांनी मास्तरांकडून किल्ली घेऊन, दारातून सगळ्यांना दिसेल असं आतलं कपाट उघडलं.

कपाट अर्ध्याहून जास्त रिकामं होतं.

भगवानरावांनी दुसरं कपाट उघडलं. तिथेही तेच. "मास्तर, पुस्तकं गेली कुठं?"

"वाचायला गेलीत," मास्तर म्हणाले.

"कोणाकडं? इथं त कोणी येत नाई!"

मागे बाया उभ्या होत्या त्या घोळक्यातून गोजरबाई पुढे आली. "माह्या टोपल्यात गेले साहेब. मी नेते, मी आणते. एकही हरवलं नाई."

"तू?" भगवानरावांना हसू आलं. "तुले वाचता येते?"

"नाई येत. ज्याईले येते त्याईले मी नेऊन देते."

"कोण थे?"

"नाव नाई सांगणार."

"गोजरबाई, मी अध्यक्ष हावो. मले सांगा लागते."

"तुमी अध्यक्ष हा, म्हणून सांगून राह्यली की पुस्तकं वाचली जातात. त्याच्या पुढचं मले विचारू नोका. लोकाईच्या परसदारातून मी येते-जाते. एकीचं नाव इथं घेतलं त उद्या कोणती मले दारात उभी करीन?"

भगवानरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सभेत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात तानुबाई मागून ओरडली, "थ्या पुस्तकातलं मी ऐकलं! माहं नाव घे, मले कोणाचा भेव नाई!" लोक हसले. पुंजाजीही पुढे येऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला. गोजरबाईला तेवढं पुष्कळ झालं. पंधरा वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

आणि तेव्हाच बाजाराच्या बाजूने घुंगरांचा आवाज आला. गर्दी बाजूला सरकली. एक दमणी येत होती, पडदे सोडलेली. तिच्या मागे दुसरी, पाटलांची. त्यांच्यामागे एक साधी बंडी, वर चादर ताणलेली. पुढच्या दमणीचे पांढरे बैल भगवानरावांनी ओळखले. बैल त्यांचे होते. दमणी त्यांची होती.

ती लिंबाखाली थांबली. पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि त्याने एक पुस्तक गोजरबाईच्या हातात दिलं. मग आतून आवाज आला. रुक्मिणीबाईंचा नव्हता तो.

"भगवान, हे पुस्तक वाचून झालं माहं. दुसरं पायजे. खोलीत सरकी भरशील त मी दुसरं कुठून आणू?"

भगवानराव दमणीजवळ गेले. "ताई? तू? इथं?"

"हाव."

"तुले वाचता येते?"

"रुक्मिणी शिकवून राह्यली. जोडाक्षरं अजून अडतात."

ज्या बहिणीने भगवानरावांना भाकरीचा तुकडा मोडून खायला शिकवलं, ती वीस-पंचवीस वर्षांनी घराबाहेर पडली होती, आणि ती पडली होती एका पुस्तकासाठी. ते पडद्याजवळ वाकले. "मंग मले काऊन नाई सांगतलं कोणी?"

आता रुक्मिणीबाई बोलल्या, हलक्या आवाजात, पण जवळच्यांना ऐकू जाईल असं. "सांगतलं होतं एकदा. तुमी हसले होते."

देशमुखांना त्यांच्या घरातल्या बाईने असं भर गावात सुनावलं होतं. गोजरबाईच्या मनात आलं, आजपासून परसदार बंद. भगवानराव वळले. त्यांनी गोजरबाईच्या हातातलं ते पुस्तक घेतलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, आणि मास्तरांकडे देत म्हणाले, "मास्तर, माह्या बहिणीले काय पायजे थे काढून द्या. जोडाक्षरं कमी असतीन असं." मग सभेकडे पाहून म्हणाले, "सरकी माह्या गोठ्यात राहीन. बैल बाहेर बांधतो. सभा संपली."

पण सभा संपली नाही. मास्तर पुस्तकं काढत होते, गोजरबाई ती दमणीपाशी, बंडीपाशी नेत होती, आणि पडद्याआडून आवाज येत होते. "हे वाचलं, थे द्या." "रडणारं नोका देऊ हो!" बाजारातल्या बाया भाजीची टोपली खाली टेकून बघायला आल्या. त्यातल्या तिघींनी तिथेच आपली नावं सांगितली. लिंबाखाली एवढी गर्दी उद्घाटनालाही झाली नव्हती.

त्यानंतर आठवड्यातली एक दुपार बायांची झाली. त्या दिवशी वाचनालयाच्या दाराला पडदा लागायचा आणि पुरुषांनी चावडीवर भांडायचं असा हुकूम निघाला. हुकूम भगवानरावांचाच. ज्यांना येता येत नव्हतं त्यांच्यासाठी गोजरबाईचं टोपलं होतंच. कौशल्याबाई पडद्याआडच्या त्या खोलीत वेचणीच्या बायांना वाचून दाखवू लागल्या. आधी अडखळत, मग घडाघडा. एखाद्या जोडाक्षरापाशी थांबल्या तर बाया दम धरून वाट पाहायच्या, कोणी हसायची नाही. तिथेच बसून गोजरबाईही अक्षरं शिकली. तिला सगळ्यात आधी आपलं नाव नाही, 'वांगे' लिहायचं होतं, आणि ते तिने लिहिलंही.

पुढच्या साली बुलडाण्याहून एक साहेब वाचनालय पाहायला आले. भगवानराव त्यांना घेऊन गावभर फिरले. "आमच्या मोताळ्याचं वाचनालय लोकाईची वाट पाहत नाई साहेब," ते छाती फुगवून सांगत होते, "आमचं वाचनालय घरोघर जाते." साहेबांनी विचारलं, ही कल्पना कोणाची? भगवानरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी वाटेवरून टोपलं घेऊन चाललेल्या गोजरबाईला हाक मारली, आणि साहेबांच्या पुढ्यात उभं करून म्हणाले, "या आमच्या गोजरबाई. वाचनालयाच्या पहिल्या बाई सभासद."

भगवानराव देशमुखांनी तिला 'या' म्हटलं होतं. गोजरबाईने पदर सावरला, साहेबांना नमस्कार केला, आणि म्हणाली, "मले उशीर होऊन राह्यला साहेब. नदीपल्याडच्या वस्तीवर दोघीजणी वाट पाहतात." मग ती मेणकापडाची पिशवी भाजीखाली नीट दाबून, नळगंगेच्या उताराला लागली.